चंपकलतेचा पाय पाण्यात

...पाय पाण्यात! आवं, पोरीचा पाय भरल्या नदीत ठिवला आन् पुस्तक खलास! अशी कुठं पोथी थांबत असती का? तुमाला सांगतो, आपल्या लिंबागणेशात रीत हाय, पोथी वाईट जागी थांबवायची न्हाई. वनवास लागला तर झोपडी बांधून हुईस्तोवर वाचायचं, बाण लागला तर निदान उपटस्तोवर तरी! पर ह्या पुण्याच्या शहाण्याला कोण सांगनार? लिहिणाराचं काय जातंय वो!

आता ते पुस्तक देवळात आलंच कावून, ते ऐका. त्या साली देवळातल्या पोथीला वाळवी लागली. निम्मा चातुर्मास सरला, पोथी न्हाई. आपल्या निजामाच्या मुलखात मराठी पोथी मिळती कुठं? नबी बागवान सीताफळाची गाडी घिऊन नगरला चाललता. म्हन्लं, नबीभाई, इंग्रजाच्या मुलखात चाल्लास तर येक पोथी घिऊन ये. नबीला मराठी वाचता कुठं येतंय? वरल्या पानावर हात जोडलेली बाई बघितली, 'सती दिखती', म्हन्ला, आन् आनली. बंकट म्हंजी आमचा पोथी वाचनारा. साळंत समदी उर्दू, मराठी वाचनारा त्यो एकटाच. त्यानं हळदकुंकू वाहिलं, पान उघडलं, 'चंपकलता, भाग पहिला.' नाव काय देवाचं न्हाई, पर हळदकुंकू वाहून झालं की! आता बंद कसं करायचं?

आन् भाषा? 'प्रिय वाचका! या अबलेच्या नयनकमलांतून ओघळणारी मौक्तिके पाहून तुझे पाषाणहृदय द्रवत नाही काय?' बंकट अर्थ सांगायचा, 'पोर रडायली.' बस, येवढंच! आन् म्होरं बसलेली छबुबाई त्या लेखकाला जवाब द्यायची, 'द्रवतंय रे लेकरा, लई द्रवतंय, तू फुडं बोल.'

छबुबाईला हसू नका. तिची एकुलती लेक सुंदरा, अंबाजोगाईकडं दिलती, गाठीच्या साथीत, पलेगात गेली. साथीच्या गावात कुनी शिरू देईना. माउली शिवंवर बसून राह्यली, आन् सांगावा आला त्यो समदं उरकल्यावर. लेकीचं तोंड बघायला मिळालं न्हाई. आता पुस्तकातली चंपकलता बी तेवढीच, सासरनं हाकललेली, माहेरच्या वाटंला लागलेली. छबुबाईनं नेम धरला, पोर घरी पोचंस्तोवर दूध-भगरीवर राहायचं, समाप्तीच्या पुरनपोळीनंच उपास सोडायचा.

समाप्तीचा दिस आला. देवळामागं पुरन शिजायलंय. बंकट वाचतोय, 'चंपकलतेने एक पाऊल त्या रौद्र जलप्रवाहात टाकले. इतक्यात...' इतक्यात काय? बंकटनं पान उलटलं. पुठ्ठा! आन् पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात, 'वाचका, धीर धर. भाग दुसरा यथावकाश.'

यथावकाश! बाई हितं उपाशी आन् ह्याचा यथावकाश! लिहिणाराचं काय जातंय वो!

आमी जेवलो. खोटं कशाला सांगू, पुरन वाया घालायचं का? छबुबाई काय उठंना. 'पोर पान्यात हुबी हाय आन् मी जेवू?' समद्यांनी समजावलं, 'मावशे, कागदाची पोर हाय ती.' तर म्हनती, 'मंग तुमी रडलात कावून?'

भगरीवर बाई वाळत चालली. नबीच्या जिवाला घोर, पुस्तक त्यानंच आनलेलं. फुडल्या खेपंला नगरला जाऊन दुकानदाराला गाठलं. आला त्यो देवळाच्या पायरीवरच बसला. 'मर गई बंकटभाऊ. दुसरे भाग में पहिलेच पन्ने पे डूबती. लिखनेवाले साब बोलते, मारे बगैर पढनेवाले रोते नै.' आन् नबीच ढसाढसा रडाय लागला. लिहिणाराचं काय जातंय वो, त्यानं नुसता टाक दौतीत बुडवला!

बंकटनं काय करावं? पुन्यांदा पुरन घालायला लावलं, तेच पुस्तक उघडलं, आन् पुठ्ठ्याकडं बघून सुरू! 'इतक्यात एका कोळ्यानं तिला वर वढलं. पोर तशीच वल्ल्या लुगड्यानं घरला आली आन् दारातनं म्हन्ली, माय, लई भूक लागली गं. शिळीपाकी भाकर असंल तर दे आन् मला चुलीम्होरं बसू दे.' बिचारा बंकट, त्यानं नयनकमल आनायचं कुठून?

छबुबाई हळूच म्हन्ली, 'बंकटा, पुस्तकातली पोर असं बोलत न्हाई. ती गेली ना रे?'

बंकटची मान खाली.

'आन् ही भाकर मागायली,' बाई म्हन्ली, 'ही तर मपली सुंदरा हाय. शेवटाला ती असंच म्हन्ली असंल का रे? कुनी दिली असंल का भाकर?'

मंग तिनंच ताट वढलं, येक पोळी बाजूला काढली लेकीची, आन् दुसरी रडत रडत खाल्ली. आमी बी रडलो. मौक्तिकं न्हाई वो, चांगलं नाक-शेंबूड गळंस्तोवर.

तवापासनं गावात पुस्तक आलं की बंकट आदुगर शेवटचं पान बघतो. पोर जिती घरी पोचली असंल तरच हळदकुंकू वाहायचं, असं ठरलंय. नबी दर खेपंला नवं पुस्तक आनतो, बंकट शेवट बघतो, आन् माघारी देतो... देवळात पोथी अजून लागायचीच हाय.