बेंदराच्या दिवशीचा भाग

पलूसच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीसाठी उभी होते. पुढं वही घेतलेली एक मुलगी शेजारच्या आजींना सांगत होती.

“टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे समदे भाग लिवलेत, आजी. कोण गायलं, कुटलं गाणं. बेंदराचा तेवढा ऱ्हायला, लाईट न्हवती. आज वही सांगलीच्या छापखान्यात द्यायची, पाचला बंद हुतो.”

“आमी बगितला की! ट्रॅक्टरची बॅटरी लावून.”

“व्हय? कोण गायलं?”

“नावं कुटली ध्यानात ऱ्हात्यात? गाणी हायत ध्यानात, चार हुती. चारी म्हणून दावती.”

“हितं? लोकं हसतील आवं.”

“हसू देत. तू लिव.”

“आजी, गाडी लागली!”

“मग जा बाई.”

“न्हाई. छापखाना उद्या उघडंल. म्हणा तुमी, पयलं कुटलं?”