तिने भरायचा फॉर्म

मेंदूच्या स्कॅनसाठी आम्ही बाकावर ताटकळत बसलो होतो. शेजारी एक आई, मामा आणि दोघांच्या मध्ये कॉलेजातली मुलगी. मुलीने भरायचा फॉर्म आईच्या मांडीवर होता.

"दादा, डॉक्टर म्हणतात, मेंदूच्या भागांचं आपसातलं दळणवळण ढिलं पडतंय का ते बघू. आजार अजून झालेला नाही, पण होऊ शकतो. वेळीच कळलं तर सांभाळता येतं."

"झालेला नाही, मग उकरून कशाला काढायचा? पुढचा प्रश्न वाच."

"आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येतात का?"

"नाही लिही."

"मामा, मला येतात."

"दिवसभर कानात इयरफोन खुपसल्यावर येणारच. नाही लिही गं."

"किती दिवसांपासून, असंही विचारलंय."

"नाहीला दिवस कुठले? पुढे."

"लोक आपल्याविषयी बोलतात, असं वाटतं का?"

"घरात कोण बोलतं हिच्याविषयी? नाही."

"आई, फॉर्म माझ्याकडे दे ना."

"तू मध्ये बोलू नकोस. आम्ही तुझ्याविषयीच बोलतोय ना?"

"मग त्या प्रश्नाला तरी हो लिही."

"बघितलंस, उलट उत्तरं. याला रकाना आहे का बघ."