मालिकेत ती काय म्हणाली

नाही ताई, मालिका मी बघत नाही, बघावी लागते, त्यात फरक आहे — तुम्ही बसा निवांत, तुमच्या सासऱ्यांना अजून वेळ आहे, आत आमची ही बसलीय ना, काचेच्या खोलीत, ती बोट वर करतेय ती — शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं असतं. कानाची मापं मागेच झाली, आज यंत्र बसवून पाहतायत. उजवं बसलं, डाव्याचं चाललंय. तर मालिका. साडेसातची, हो, तीच, थोरली सून जिन्यावरून पडते ती — तुम्ही बघता? बघा, माझं काही म्हणणं नाही. पण एक बाई दार उघडते, तर तिचं तोंड तीनदा दाखवायचं आणि तीनदा ढोल बडवायचा, हे काय झालं? दार उघडलं, झालं, आत ये म्हणा. आणि गाणी — हल्लीच्या गाण्याला उसंतच नाही, गाणारा श्वास कुठे घेतो तेच कळत नाही. पूर्वी दोन कडव्यांच्या मध्ये बासरीला जागा असायची, तेवढ्यात माणूस डोळे पुसून घ्यायचा. हसताय? हसा.

मला हे कळतं, कारण मी एकतीस वर्षं थिएटरच्या दारावर होतो. डोअरकीपर. तिकीट फाडायचं, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, दार ओढून बाहेर स्टुलावर बसायचं. शाळा नाही शिकलो, पण सिनेमे पाठ — पाहिलेले नव्हेत हं, दाराआडून ऐकलेले. नायक कसा दिसतो ते पोस्टरवरून, बाकी सगळं कानाने. खोटं रडणं मला लगेच ओळखू येतं. त्या मालिकेत एकही माणूस खरं रडत नाही, लिहून घ्या.

हिचं उलट. हिला दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही — दोन वर्षं झाली. साडेसातला ही खुर्ची माझ्याजवळ ओढते आणि मी कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगतो, कोण काय म्हणालं. आधी जसंच्या तसं सांगायचो. पण काय बोलतात हो ती माणसं — सासू सुनेला म्हणते, तू या घराला लागलेली कीड आहेस. हे काय बायकोच्या कानात ओरडायचं? मी म्हटलं, सासू विचारतेय, दमलीस का. मग पुढेही तसंच ओढत न्यावं लागलं. भांडणाला अवघड जातं, हातवारे असतात — मग सांगतो, सासूबाईंचा चष्मा सापडत नाहीय. एकदा सुनेने ताट भिरकावलं, मला सुचेना, मी म्हटलं, पाल होती. ही हसली, किती दिवसांनी. पण दमायला होतं ताई, या वयात रोज एक आख्खी मालिका रचायची.

आणि यंत्राचं म्हणाल तर मीच टाळत आलो. लेकीने दोनदा नंबर लावला होता, एकदा मी म्हटलं पाय दुखतोय, एकदा — जाऊ दे. आता हिला खरं ऐकू येणार. थोरली सून ऐकू येईल, आणि तो धाकटा, घर सोडून गेलेला, तो फोन करतो ना — वडिलांशी अर्धा मिनिट बोलतो आणि ठेवतो. आई समोर बसलेली असते, तिची चौकशीसुद्धा करत नाही. मी हिला सांगतो, विचारतोय, आईचा गुडघा कसा आहे, थंडीत शाल घेते का — हो, मालिकेत. मालिकेतलंच सांगतोय. असा धाकटा नाहीच तिच्यात? तुम्ही रोज बघता ना. नसेल मग. नाही, नसेलच.

रविवारी येतो फोन. सकाळी अकराला. कामाच्या घाईत असतो तो, वाईट नाहीय, लहानपणी हिचा पदर धरल्याशिवाय झोपायचा नाही. तो ठेवतो, तरी मी फोन कानाला धरून बसतो, हं हं करत, आणि हिला एकेक सांगत जातो. पलीकडे कुणी नसतं, नुसती टूं टूं. त्या टूं टूंला मी दोन वर्षं गुडघा विचारायला लावलाय. परवा रविवार. ही तर कालपासून म्हणतेय, आता मीच —

थांबा, दार उघडलं. हळू बोलायला हवं आता, सवयच राहिली नाही.

ये, बस इथे. टोचतंय का कानाला? ओरडू नको म्हणतेस, बरं, नाही ओरडत. कुणाशी काय, या ताईंशी, मालिकेचं आपलं. — काय? साडेसातला यंत्र लावीन म्हणतेस. लाव की. आणि रविवारी काढून ठेवणार? का गं, रविवारीच का, फोनवर तर तुला —

मी सांगतो तेच ऐकायचंय म्हणतेस.

बरं.

ताई, तुमच्या सासऱ्यांना आत बोलावतायत. जा तुम्ही.