आमच्याच पोत्यातला पाला

...आणि वर मलाच विचारतात, ‘शेठ, तुमी हितं कसं काय?’ कसं काय म्हणजे? डोळे पिवळे, नखं पिवळी, सदरा काखेत पिवळा... जेऊरच्या हिंदुरावांच्या ओट्यावर, अनशापोटी, पन्नास माणसांच्या रांगेत मी काय मसाला विकायला बसलो होतो?

तुम्हाला सांगतो, सोलापुरात मंगळवार पेठेत बावीस वर्षं काष्ठौषधींचं दुकान चालवतोय. शाळा चौथीत सुटली, पण डोळे बांधा, नुसत्या वासावर सांगेन, हे नागकेशर, हे दगडफूल. तेच दगडफूल वैद्याला दिलं की औषध, शेजारच्या सुंदरम्माला दिलं की काळा मसाला! गुलाबकळी सासऱ्याच्या पोटाला, तीच सुनेच्या गुलकंदाला. आणि अशा माणसाला कावीळ! तीसुद्धा रेल्वेचा संप मिटला त्याच आठवड्यात, म्हणजे जेऊरला न्यायला गाडी नाही ही सबबही गेली. डॉक्टर म्हणाले, ‘आराम करा, तेलकट सोडा, तीन आठवड्यांत उतरेल.’ मी म्हटलं ठीक, जोडीला दुकानातल्या भुईआवळीचा काढा घेतो...

तर आमच्या बायकोनं, दानम्मानं पातेलंच हिसकावलं. ‘अय्यो! तुमच्या हातचा काढा? हाताला गुण असावा लागतो!’

अगं, बावीस वर्षं ह्याच हातानं अर्ध्या जिल्ह्याला पुड्या बांधल्या!

‘गुण असता तर तुम्हालाच कावीळ झाली असती व्हय?’

मी खुंटीवरचा टॉवेल ओढला.

गेलो. जेऊरला, काविळीचा पाला देणाऱ्या हिंदुरावांकडे. डोक्यावरून टॉवेल, तोंड भिंतीकडे. कारण काष्ठौषधीवालाच दुसऱ्याच्या दारात औषधाला बसलेला कुणी पाहिला, तर दुकानाला कुलूपच की! हिंदुराव मोठा सज्जन माणूस हो. औषध फक्त रविवारी, पैसा घ्यायचा नाही आणि पाल्याचं नाव विचारायचं नाही. नाव घेतलं की गुण उडतो म्हणे. उडतो! जसा काही कापूरच!

पण मला नाव ठाऊक होतं. कसं? सांगतो. सहा महिन्यांपूर्वी हेच हिंदुराव दुकानात आले. ‘शेठ, औंदा भुईआवळी गावली न्हाय. धर्माचं काम हाय.’ धर्म म्हटल्यावर माझं काळीज कसं भरून आलं! माळ्यावर एक पोतं होतं, तीन वर्षांचं. उंदरांनी त्यात दोन बाळंतपणं उरकली होती. फेकायला हमाल शोधतच होतो, तर देवानं हिंदुराव धाडले. अख्खं पोतं दिलं, वर हात जोडून म्हटलं, ‘तेवढंच पुण्य लागेल.’

लागलं!

तर भिंतीकडे तोंड करून बसतो न बसतो, तोच मागून आवाज. ‘आगं बया! शेठ, तुमी हितं कसं काय?’ मंगळवेढ्याची केराबाई! दर महिन्याला माझ्याकडून सुंठ नेते. आवाज असा, की रांगच काय, स्टेशनातली गाडीसुद्धा वळून बघेल. ‘येवढं मोटं दुकान, आन् तुमी हितं?’ पन्नास माना वळल्या. मी म्हटलं, ‘बाई, हाताला गुण असावा लागतो.’ माझ्याच तोंडानं!

नंबर आला. आणि बघतो तर हिंदुरावांच्या मागे पोतं. त्यावर माझ्या दुकानाचा शिक्का! त्यांनी डोळे मिटले, मूठभर पाला काढला, ताकाच्या पेल्यात कालवला. वर काळं-काळं जिऱ्यासारखं तरंगायला लागलं. ताकात जिरं, छान लागतं... पण मला ठाऊक होतं ना, ते जिरं नव्हे!

आता बोलावं? ‘अहो, हा सडका माल मीच दिलाय’? पन्नास माणसं ऐकतात, निम्मी माझी गिऱ्हाइकं. बोललो तर दुकान मेलं, न बोललो तर मी. तुम्ही काय केलं असतं? मी डोळे मिटले.

‘सगळं प्या शेठ,’ हिंदुराव मायेनं म्हणाले. ‘तळाला खरं औषध आसतंय.’

तळसुद्धा प्यालो!

पुढं बिनतेलाची, बिनहळदीची घोळीची भाजी खात पडून राहिलो आणि बरोबर तीन आठवड्यांत कावीळ उतरली. डॉक्टर काय म्हणाले होते? तीन आठवडे! पण दानम्मा पेठभर सांगतेय, ‘हाताला गुण असावा लागतो!’ आणि केराबाई तालुकाभर, ‘सोलापूरचा शेठ सुदीक जेऊरलाच येतोय की!’

श्रावणात हिंदुराव पुन्हा आले. मी पापक्षालन म्हणून ताजी, हिरवीगार भुईआवळी पुढं ठेवली. त्यांनी हुंगली, बाजूला सारली. ‘ही नगं. त्या पोत्यातलीच द्या. तिचा गुण लई.’ तुम्हाला सांगतो, आता ताजा माल माळ्यावर जुना व्हायला टाकलाय. उंदीर काय ते बघून घेतील.

आणि परवा रविवारी दुकानात मला ठसका लागला. ज्येष्ठमधाची काडी तोंडात टाकणार, तर दानम्मानं हात धरला. ‘जेऊरची गाडी अजून गेली न्हाय.’

निघालो. ज्येष्ठमध तेवढं आठवणीनं पिशवीत टाकलं. हिंदुरावांकडे तरी ते माझ्याशिवाय कुठून येणार?