दोन पिना

नाही, मला एक सांगा, वाचायला नको का माणसाने? ज्या कंपनीत छत्तीस वर्षं काढली तिथून बाहेर पडायचा कागद, त्यावर सही करताना निदान पान तरी उलटायला नको? पण माझा मामा... तुम्हाला सांगतो, पेन मागितलं ते माझ्याकडे, मला वाकवून कागद ठेवला तो माझ्याच पाठीवर, आणि सही ठोकून वर मलाच म्हणतो, "तू आहेस ना आत, मग मी कशाला वाचू?" आता आत आहे म्हणजे मी कोण आहे? मी फक्त पिना मारतो.

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा बापाने घरातून जवळजवळ हाकललंच होतं. मग या मामाने एचआरच्या बाईंसमोर दहा मिनिटं हात बांधून उभं राहून मला त्यांच्याच ऑफिसात चिकटवलं. उपकारच. पण ही मोठी माणसं उपकार करतात आणि मग आंधळा विश्वासही टाकतात आपल्यावर, म्हणजे दुहेरी फास.

तर मागच्या सोमवारी बाईंनी अकरा जणांचे कागद दिले, प्रत्येकी नऊ पानं. बाई बोलायला एकदम साखर. "वयाचा इथे काही संबंध नाही हं, कंपनीला जरा ताजं करतोय." आणि नवव्या पानावर काय? नावं नाहीत, नुसता हुद्दा आणि वय. जाणारे चोपन्न, सत्तावन्न, बावन्न, एकोणसाठ. राहणारे सव्वीस, एकोणतीस, एकतीस. कायद्याने लावावंच लागतं म्हणे ते पान. म्हणून बाई म्हणाल्या, "शेवटच्या दोन पानांना वर एक पिन मार आणि खालीही एक मार, सुटी होत नाहीत मग." सुटी होत नाहीत, बरोबर आहे, उघडतही नाहीत. मला कळलं नाही असं नाही. मारल्या. मी फक्त पिना मारतो.

आणि सहाव्या पानावर स्वच्छ लिहिलेलं, विचार करायला पंचेचाळीस दिवस, सही केल्यावर मागे घ्यायला सात. सही मागे घेतली नाही तर वयावरून काढलं अशी तक्रार जन्मात करता येणार नाही. मामाने कुणाकडून तरी ऐकून विचारलंही, "पंचेचाळीस दिवसांचं काय रे आहे?" पण बाईंना चारच्या आत अकरा सह्या हव्या होत्या. मी म्हणालो, "ते छापीलच असतं मामा, कर सही."

रविवारी मामीने जेवायला बोलावलं. वाढता वाढता म्हणते कशी, "तू होतास म्हणून बरं, नाहीतर यांना कोण समजावणार होतं?" मी ताटात बघून आमटी मागितली.

आज सातवा दिवस, मुदत पाचपर्यंत. दुपारी गेलो मामा सांभाळतो त्या भांडारात, मामाच्याच प्रतीची खालची पिन नखाने उपसली आणि म्हणालो, "वाच." मामाने चष्मा पुसला. बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"भांडारपाल, सत्तावन्न... हा मी. आणि भांडारपाल, एकोणतीस?"

"ज्याला तू दोन वर्षं काम शिकवलंस, तो."

मामाने पानाच्या कडेची भोकं बोटाने चाचपली. "दोन पिना कोणी मारल्या?"

"बाईंनी सांगितलं म्हणून..."

"सांगितलं कोणी ते विचारलं नाही मी."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने नुसता एक कोरा कागद ओढला, लिहिलं, 'मी माझी सही मागे घेत आहे', आणि माझ्या हातात दिला. "नेऊन दे बाईंना."

"मी? अरे मामा, माझी नोकरी जाईल."

"तुझी कशी जाईल? तू तर फक्त पिना मारतोस."

गेलो. पाचला दहा कमी होते. बाईंनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आवकच्या वहीत नोंद करून वही पुढे सरकवली. "आणून देणाऱ्याची सही, इथे." म्हणालो, थांबा, आधी वाचतो. एकच ओळ होती, ती दोनदा वाचली आणि केली सही. बाई रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "उद्या आला नाहीस तरी चालेल हं," आणि माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलून आपल्या खणात ठेवला.

तुम्ही विचाराल, मग आता काय करतोस? काही नाही. आता मी पिनासुद्धा मारत नाही.