चालेल म्हणाले होते

...आणि आता गावभर मलाच विचारतात, "मिस्टर एझेल, तुमच्यासारख्या माणसाने भर समारंभात ओरडावं?" ओरडलो. परत ओरडेन. अहो, जन्मभर लाकडाच्या गिरणीत काम केलं मी, तिथे करवत सुरू असताना ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, तिथेसुद्धा मी कधी आवाज चढवला नाही! आणि चढवला तो कुठे? हिकरी बेंडच्या हायस्कूलच्या मैदानावर. कोणावर? पेटवे बाईंवर, शाळेच्या मुख्याध्यापिकेवर, ज्या दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसतात! पण तुम्हाला सांगतो, एका माणसाने तरी मला उत्तर द्यावं... घाई कसली होती?

केंडेरियस माझा नातू. माझ्या रेनिटाचा मुलगा. रेनिटा कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला, म्हणून पोरगा वाढला माझ्याकडे. फुटबॉल खेळायचा, आमचा अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा. खेळायचा म्हणजे काय, डोक्यावर हेल्मेट, काखेत चेंडू, आणि मागे तीन-चार पोरं गवतात आडवी पडलेली, ती का पडली हे त्यांनाही कळलेलं नाही! शुक्रवारी सामना असला की न्हावीसुद्धा दुकान बंद करायचा. लोक मला फुकट कॉफी पाजायचे. मी प्यायचो. पण मला त्या चेंडूचं कौतुक नव्हतं, खरं सांगतो.

मला त्याला चालताना पाहायचं होतं.

आमच्याकडे असंच म्हणतात. शाळा संपली की मे महिन्यात पोरं झगा घालतात, चौकोनी टोपी घालतात, फुटबॉलच्याच मैदानावर मंच बांधतात, त्यावर नाव पुकारायचं आणि पोराने या टोकाकडून त्या टोकाला जायचं. ते चालणं. "तुमचा पोरगा यंदा चालणार का?" असं विचारतात लोक दुकानात. मी आठवीत शाळा सोडली. रेनिटाने अकरावीत सोडली, पोटात हाच होता. आमच्या घरातलं एकही माणूस त्या मंचावर चाललेलं नाही. मी दुसरं काही मागितलं नव्हतं कोणाकडे.

तर त्या शेवटच्या वर्षी कॉलेजचा कोच आला घरी. मॅडॉक्स नाव. दात असे, की दिव्याची गरज नाही! रेनिटाच्या हातचा पीचचा केक खाल्ला, परत घेतला, पुन्हा परत घेतला, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणतो, "मिस्टर एझेल, तुमचा केंडेरियस म्हणजे माझा मुलगाच! त्याला मी जूनपर्यंत ठेवणार नाही इथे. डिसेंबरमध्ये शाळा संपवू, जानेवारीत कॉलेजात! लवकर आला तर वजनं लवकर उचलेल, डावपेच लवकर शिकेल, संघात जागा लवकर मिळेल!"

मी म्हटलं, "आणि शाळा?"

"अहो, राहिलेलं इंग्रजी कॉम्प्युटरवर होतं! आता सगळे असंच करतात!"

मी म्हटलं, "लाकूड वाळवायच्या भट्टीतून लवकर काढलं तर वाकतं." त्यावर आमच्या शाळेचा कोच, स्टब्ज, तोही तिथेच बसलेला, तोंडात घास, म्हणाला, "मिस्टर एझेल, हे लाकूड नाही!" आणि सगळे हसले. रेनिटासुद्धा हसली. पोरगाही हसला. झालं! माझं बोलणं तिथे संपलं.

पोरगं सतरा वर्षांचं. हनुवटीवर केस मोजून सात. घाई कसली होती?

मी शेवटचं विचारलं, "मग तो मे महिन्यात चालणार कधी?" तर मॅडॉक्स म्हणतो, "येईल की! मे महिन्यात इथे येऊन चालेल तो!" स्टब्ज म्हणाला, चालेल. रेनिटा म्हणाली, चालेल. पोरगा म्हणाला, "आजोबा, चालेल हो!" सगळ्यांनाच चालत होतं. मग मीही म्हटलं, चालेल.

डिसेंबरमध्ये संपली शाळा. कशी संपली सांगू? पेटवे बाईंच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या मशीनशेजारी. बाईंनी हात मिळवला. मशीनवाली म्हणाली, "जरा सरकता का, कागद अडकलाय." सरकलो. ते आमचं पदवीदान!

जानेवारीत मी त्याला ट्रकमधून सोडायला गेलो. त्याने उशी नेली घरची. एवढा दांडगा पोरगा, आणि उशी पोटाशी धरून बसला सगळा रस्ता. तिथे त्याच्या खोलीत त्याचा जोडीदार कोण? तेवीस वर्षांचा बाप्या! दाढी! लग्न झालेला! भिंतीवर स्वतःच्या लेकीचा फोटो! मला म्हणतो, "काळजी करू नका सर, मी बघतो याच्याकडे." चांगला होता बिचारा. पण मला सांगा, अशा माणसांच्या अंगावर हे पोरगं सोडायचं?

आणि तो मॅडॉक्स! माझा मुलगा, माझा मुलगा करणारा! केंडेरियसची बॅग अजून पुरती रिकामी झाली नव्हती, आणि हा बाबा जास्त पगारावर दुसऱ्या कॉलेजात! मुलाला खोलीवर ठेवून बाप पसार! निरोप नाही, फोन नाही. पोरग्याला कळलं कुठून? टीव्हीवरून! मला फोन केला त्याने. "आजोबा, मी घरी येऊ का?" म्हणाला. शाळेत परत घेतील का म्हणाला. आता शाळा कशी घेणार? शाळा तर संपवून बसलो होतो ना आम्ही... झेरॉक्सच्या मशीनशेजारी!

मग आला एप्रिल. तिथे वसंतातला सराव असतो. नीट ऐका, सराव! सामना नाही. समोर दुसरं गाव नाही, जिंकायला काही नाही, बघायला कोणी नाही. आपल्याच संघाचे, आपल्याच रंगाचे कपडे घातलेले. पोरग्याने चेंडू घेतला, पाय रोवला, वळला, आणि त्याच्याच संघातले दोघे त्या रोवलेल्या पायावर पडले. गुडघा मागच्या बाजूला गेला. मागच्या! त्याचा जोडीदार, तो दाढीवाला, तो सांगत होता मला दवाखान्यात, आणि सांगता सांगता उठून बाहेर गेला.

नवीन कोचचा फोन आला. "सर, तुमचा मुलगा... तुमचा तो... टेव्हिन..."

मी म्हटलं, "केंडेरियस."

"हां हां, तोच! मोठ्या मनाचा पोरगा आहे!"

नाव माहीत नाही, आणि मन मोजून आला!

मग डॉक्टर. तरणाच होता, डोळे लाल. मी त्याला एकच विचारलं, "मे महिन्यात चालेल का तो?"

"चालेल हो, चालेल," डॉक्टर म्हणाला, "पण पायातली नस गेलीय, पाऊल आपलं आपण उचललं जाईल असं नाही सांगता येत. पट्टा लागेल, कुबड्या लागतील. आणि फुटबॉल..."

मी म्हटलं, "तसं नाही हो. मंचावर चालेल का?"

"कुठला मंच?"

त्याला काय सांगणार! मी म्हटलं, राहू दे. आत पोरगा छताकडे बघत पडला होता. मला म्हणाला, "आजोबा, मी येणार. सांगितलंय ना तुम्हाला." त्या एवढ्या माणसांत शब्द पाळणारा हा एकटाच निघाला, आणि त्याच्याच पायात दम नाही!

तर परवा होता समारंभ. मैदान भरलेलं, मंच मधोमध, ज्या गवतावर तो धावायचा त्याच गवतावर. पेटवे बाईंनी आधीच दरडावलं, "टाळ्या नकोत, भोंगे नकोत, जो ओरडेल त्याला पोलीस बाहेर नेतील!" आणि पलीकडे काळे ढग, विजा. बाईंनी नावांची गाडी सोडली हो! श्वास घेईनात! एक पोरगं मंचावरून उतरतंय, दुसरं मधोमध, तिसरं चढतंय!

"केंडेरियस थार्प!"

निघाला. कुबडी, पाय, कुबडी, पाय. झगा कुबडीत अडकतोय, टोपी कानावर. अजून मंचावर चढायच्या फळीवरच आहे, तोवर बाई, "जॅलीसा थिगपेन!" ती थिगपेनची पोरगी त्याच्या मागे उभी. उंच टाचांवर. हलली नाही! बाई पुन्हा, "जॅलीसा थिगपेन!" पोरगी ढगाकडे बघते, बोटांकडे बघते, पण पुढे जाईल तर शपथ! बाई हाताने खुणा करतात, अशी, अशी, बाजूने ये! आणि माझ्या नातवाने वर बघितलं, आणि कुबडी भराभर टाकायला गेला, आणि झोक गेला त्याचा...

उठलो मी. "बाई! घाई कसली आहे?"

सगळं मैदान वळलं. ढगसुद्धा थांबला असेल.

डेप्युटी रोलँड, आमच्याकडचा पोलीस, आला प्रेक्षकांच्या गॅलरीच्या पायऱ्या चढून. मी लहानपणापासून बघतोय त्याला. टोपी काढून म्हणतो, "मिस्टर एझेल, चला. नियम आहे."

"माझा नातू वर चढतोय."

"दिसतंय मला. मी काही पळत नाही. तुम्हीही पळू नका."

मग काय, उतरलो. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत, गिरणीने खाल्लेले. एक पायरी, कठडा, दम. एक पायरी, कठडा, दम. रोलँड मागे हात बांधून उभा, जणू बागेत आलाय. खाली आलो, कुंपणाच्या कडेकडेने आलो, फाटकापाशी आलो. रोलँडने फाटक उघडलं. मी बाहेर पडलो आणि वळून बघितलं.

पोरगा अजून मंचावर पोचलाच नव्हता.

मग फाटकाला टेकून, मंचावरच्या पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत सगळं चालणं पाहिलं मी. धडधाकट असता ना, तर माझी पाठ फिरेपर्यंत मंचावरून पार झाला असता... त्या पायाचा एवढा एकच काय तो फायदा झाला.