सात दिवसांचे सात

आमच्या अण्णाकाकांना कमी पिणं म्हणजे काय ते कसं समजलं, सांगते. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दारू सोडलेलीच बरी. नाहीच जमलं, तर दिवसाला एक पेग, त्याच्या वर नाही." काका सहा दिवस थेंबालाही शिवले नाहीत. सातव्या दिवशी पाटोद्याच्या बाजारातून आले ते झुलतच.

मी भडकले, तर म्हणाले, "सहा दिवस घेतली न्हाई, ती आज घेतली. सात दिवसांचे सात. कुठं चुकलं?"

"एकदम घेतली की जास्त घातक असते, काका."

"लई शिकलीस. आता मला शिकवू नको."

सकाळी त्यांच्या बीपीच्या सात गोळ्या तळहातावर घेऊन समोर उभी राहिले. "रोज एक लिहिलीय ना? आजच सगळ्या घ्या, आठवडाभर कटकट नाही."

"मारती का काय मला?"

काकू भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली, "कावून? काल तर तुमचा हिशोब बरोबर होता की."

काकांनी एकच गोळी उचलली. पुढच्या बाजाराहून ते सरळ चालत आले, पिशवीत फक्त मेथीच्या दोन जुड्या.